गिरणीच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण

१. नुसता पुठ्ठा

शेवटचं प्रकरण कुणीतरी पळवलं होतं.

दुपारची जेवणं आटोपून सगळे ताडपत्रीखाली जमले होते. मी पत्र्याची पेटी उघडली, पुस्तक बाहेर काढलं, चष्मा पुसला, घसा साफ केला. आज खुनी कळणार होता. पोरंसुद्धा गप्प बसली होती, म्हणजे बघा. मी काल खुणेला ठेवलेलं आंब्याचं पान बाजूला केलं आणि पुढचं पान उलटलं, तर समोर नुसता पुठ्ठा.

"काय झालं, सर?" शितलने विचारलं.

"गोष्ट संपली," मी म्हणालो. "म्हणजे संपलीच नाही. शेवट गायब आहे."

मी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. पानं फाडलेली नव्हती. शिवणीचा दोरा नीट कापून शेवटच्या पानांची घडीच्या घडी काढून घेतली होती. वर उरलेलं पुस्तक सुटू नये म्हणून कापल्या जागी पांढऱ्या जाडसर दोऱ्याने घट्ट गाठ मारली होती. चोराने चोरी केली होती आणि डागडुजीही करून गेला होता. असा चोर मी आजवर कुठल्याच रहस्यकथेत वाचला नव्हता.

"हे पेटीला हात लावणाऱ्यांपैकीच कुणाचं तरी काम आहे," मी जाहीर केलं. पेटीला हात लावणारी माणसं चार होती, आणि चौघंही तेव्हा पटांगणातच होती.

२. भालदार

आधी मी कोण ते सांगतो. मी गोविंदराव, निवृत्त मराठी शिक्षक. डहाणू रोडला लागून असलेल्या मसोलीत दुसऱ्या मजल्यावर माझा ब्लॉक आहे. लग्न केलं नाही, भाऊ-बहीण नाही. रहस्यकथा वाचणं हा एकच छंद, आणि अर्धं पुस्तक व्हायच्या आत खुनी ओळखायचा हा एकच माज. हा माज दाखवायलाही घरात कुणी नसतं, ही गोष्ट वेगळी.

२०१८च्या दिवाळीनंतर डहाणू-तलासरीकडे जमीन हलायला लागली. जानेवारी उजाडला तरी थांबेना. तलासरीच्या बाजूच्या ज्या पाड्यावर मी उभी नोकरी काढली, तिथल्या लोकांनी घरं सोडून शाळेच्या पटांगणात ताडपत्र्या बांधल्या. मी एकदा विचारपूस करायला म्हणून स्कूटरवरून गेलो आणि मग रोजच जायला लागलो. लोकांना धीर द्यायला जातो, असं मी शेजाऱ्यांना सांगायचो. खरं तर दुसऱ्या मजल्यावर एकट्याने पंखा हलताना बघत बसण्याचा मला कंटाळा आला होता. कंटाळा हा शब्द सौम्य झाला. मला भीती वाटत होती.

पुस्तक शितलने आणलं. ती पाड्यातली, कॉलेजच्या एकांकिकेत काम करणारी मुलगी. कॉलेजच्या ग्रंथालयातून तिने एक जाडजूड भाषांतरित कादंबरी स्वतःच्या नावावर घेतली होती. मुखपृष्ठ कधीच गेलेलं, त्यामुळे आम्ही तिला गिरणीची कादंबरी म्हणायचो. परदेशात डोंगरावर एका जुन्या गिरणीत नाटकाची शाळा असते. धुकं, दगडी जिने, मेणबत्त्या. सहा विद्यार्थी रात्रंदिवस नाटकाचं खातात, नाटकाचं पितात, भांडतानाही नाटकातली वाक्यं बोलतात. नेहमी राजाचं काम करणारा पोरगा ऐन प्रयोगात रंगमंचाखालच्या खड्ड्यात पडून मरतो आणि उरलेले पाचजण एकमेकांकडे संशयाने बघायला लागतात.

त्यांची परकी नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही बारसं केलं. मेलेला तो राजा. मग लालकेशी, दोघे जुळे आणि एक जाडी. सहावा तो भालदार, कारण त्याला प्रत्येक नाटकात हातात भाला घेऊन मागे उभं राहण्याचंच काम मिळे.

"खुनी भालदार," मी तिसऱ्या प्रकरणातच सांगून टाकलं होतं. "ज्याला कुणी हिशेबात धरत नाही, तो एक दिवस असं काहीतरी करतो."

"तुम्हाला त्याच्यावर राग का हो, सर?" शितलने विचारलं होतं. मी पुढचं पान उलटलं.

आधी वाचन संध्याकाळी चालायचं, पोषण आहाराची चूल विझली की कंदिलाच्या उजेडात. पण परतताना मला रस्ता नीट दिसेना, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. म्हणून मीच वेळ बदलून दुपारची केली, म्हणजे उजेड असताना घरी पोचता येईल. आणि गंमत बघा, वेळ बदलल्यावर लगेचच मी भर उजेडात रस्ता चुकलो. पाड्यातून निघून मसोलीला जायचं, तर मी पोचलो पार उलट दिशेला, उधव्याच्या बाजूला. ज्या रस्त्याने आयुष्य गेलं तो रस्ता! परत फिरताना खडीवर स्कूटर घसरली आणि गुडघा फुटला. दुसऱ्या दिवशी मी हा किस्सा रंगवून सांगितला तेव्हा सगळे खो खो हसले. फक्त चुलीजवळची तानी तेवढी हसली नाही. तिला विनोद कळला नसावा, असं मी समजलो.

त्यानंतर लगेच पुस्तकाची भानगड सुरू झाली. एका दुपारी पेटी उघडली तर पुस्तकच नाही. सगळीकडे शोधलं. संध्याकाळी ते पेटीत जसंच्या तसं होतं. पुन्हा एकदा तसंच झालं. मी शितलला, तुझ्या नावावरचं पुस्तक नीट सांभाळता येत नाही का, म्हणून बोललोदेखील. आणि आता शेवटच गेला होता.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकत होती. मध्ये एका दुपारी मोठा धक्का बसला, त्यामुळे त्या दिवशी वाचन संध्याकाळी झालं आणि मी ताडपत्रीखालीच झोपलो. त्या दिवशी पुस्तक कुठेही गेलं नव्हतं.

३. चौघांच्या जबान्या

पहिला जतीन. हा घोलवडचा चिकूवाडीवाला, सकाळी स्टेशनवर माल टाकून आला की टेम्पोतून पाण्याचे जार आणि पिकलेले चिकू घेऊन पाड्यावर यायचा. समाजसेवा म्हणायचा. शितल बसली असेल त्या बाजूलाच त्याची समाजसेवा जास्त व्हायची. खुनी लालकेशीच, यावर त्याने माझ्याशी चिकूच्या पेटीची पैज लावली होती.

"पैज हरशील म्हणून शेवट पळवलास?" मी सरळ विचारलं.

"अरे सर, काय बोलता! मी तर पुस्तक वाचतच नाय, मी ऐकतो. वाचायचं असतं तर दहावीला दोनदा बसलो असतो काय?" तो हसला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही शितलला विचारा ना. पुस्तक तिच्याच नावावर हाय. तिला त्याचं नाटक करायचंय. शेवट कुणाला कळू नये, असं तिलाच वाटेल ने?"

दुसरी बायजी. म्हातारी पाड्यात सगळ्यांत वडील, आणि पुस्तकाची उघड शत्रू.

"मेल्याचं सोंग करतात नि मग खरंच मरतात, असलं वाचायचं कशाला?" ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती. "खाली धरतरी हलतेय नि तुमी मरणाच्या गोष्टी सांगताव."

तेव्हा मी सगळ्यांसमोर तिची खिल्ली उडवली होती. बायजी, भूकंप पुस्तक वाचून होत नसतात, नाहीतर आमच्या शिक्षणखात्याने आतापर्यंत हिमालय पाडला असता, असं काहीतरी. लोक हसले होते. बायजी तोंड फिरवून बसली होती.

"मी घेतली असती ना पानां," ती आता म्हणाली, "तर चुलीत घातली असती. गाठी कशाला मारीत बसू?"

हे मला पटलं.

तिसरी तानी. शाळेचा पोषण आहार शिजवणारी, दोन लेकरांची आई, मोजकं बोलणारी. पेटी तिच्याच चुलीच्या मागे, कोरड्या जागी ठेवलेली असायची.

"तानी, पेटीपाशी कुणाला पाहिलंस?"

"पोरां येतात, जातात." ती डाळ ढवळत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "गुरुजी, तुमी सांजचेच वाचा ना. पयल्यासारखे. हतंच निजा. जेवण मी देन."

"माझे डोळे, बाई. आणि रोज रोज तुमच्याकडे कशाला? मी इथला कोण?"

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा डाळीकडे वळली.

चौथी शितल. तिला मी विचारायला गेलो आणि सगळंच बिघडलं. मी जतीनचं म्हणणं फक्त बोलून दाखवलं होतं. पण माझा आवाज वर्गात कॉपी पकडल्यासारखा लागला असणार.

"मला चोर म्हणता, सर? पुस्तक माझ्या नावावर आहे, मला हवं तर मी घरी बसून वाचलं असतं. इथे आणलं ते तुमच्यासाठी. तुम्ही आल्या दिवशी नुसते शाळेच्या भिंतीकडे बघत बसला होतात."

ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. ती येत नाही म्हटल्यावर जतीनचा टेम्पोही लवकर परत जायला लागला. बायजी आधीच रुसलेली. तिसऱ्या दुपारी मी ताडपत्रीखाली पेटी घेऊन बसलो होतो आणि समोर फक्त एक कुत्रं होतं.

४. दुसरा मजला

मी मसोलीला परत आलो. चहा केला. दोन कप काढले होते हे ओतताना लक्षात आलं, मग एक परत ठेवला. समोरच्या ब्लॉकमधली मंडळी भूकंपाला घाबरून नातेवाइकांकडे गेली होती. अख्ख्या जिन्यात माझ्याच घराचा दिवा होता.

तेवढ्यात तो आवाज आला, दूरवर कुणीतरी जड पिंप लोटत नेल्यासारखा. कपाटाची काच थरथरली. मी टेबल धरून उभा राहिलो. थांबल्यावर पहिला विचार आला तो असा, की आता पाड्यावर सगळे एकमेकांना हाका मारत असतील. बायजी पोरांना मोजत असेल, तानी चुलीवरचं भांडं धरून असेल. मला हाक मारणारं इथे कुणी नव्हतं.

पुस्तकाचा शेवट कळला नाही तरी मी मरणार नव्हतो. खुनी भालदार हे मला माहीतच होतं. पण ती माणसं पुन्हा त्या ताडपत्रीखाली गोल करून बसली नाहीत, तर मला या दुसऱ्या मजल्याखेरीज कुठलीही जागा नव्हती. चोर सापडायलाच हवा होता, आणि असा सापडायला हवा होता की कुणी दुखावलं जाऊ नये.

मी डोकं चालवायला बसलो. जतीन नव्हे. पुस्तक पहिल्यांदा गेलं त्या दिवशी तो दिवसभर स्टेशनवर रेल्वेच्या डब्यात चिकू भरत होता. बायजीने पानं जाळली असती. शितलला चोरायची गरजच नव्हती. उरली तानी. पण तानीचा आणि भालदाराचा काय संबंध? ती तर दुपारी वाचन सुरू झालं की आपल्या पोरांना घेऊन विहिरीकडे निघून जायची. संध्याकाळच्या वाचनाला मात्र हीच बाई सगळ्यांत पुढे बसलेली असे.

दुपारी उठून जायची आणि संध्याकाळी पुढे बसायची. पुस्तकही दुपारीच जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. मला हे दिसत होतं, पण का ते सुचत नव्हतं.

५. दुपारची गोष्ट

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तानीची थोरली मुलगी कमळी बायजीला लोंबकळत होती.

"आजी, एक गोष्ट सांग ना. गुरुजीबी सांगत नाय आता."

"दिसाची नाय सांगायची," बायजी तिच्या डोक्यातून फणी फिरवत म्हणाली. "दिसाची गोष्ट सांगितली का मामा वाट चुकतो. सांजचे ये."

मी होतो तिथेच थांबलो. हे मी लहानपणी ऐकलेलं होतं. आईला दुपारी गोष्ट मागितली की ती हेच म्हणायची, आणि मग मी मुकाट्याने झोपायचो. दुपारी पोरांनी आयांना छळू नये म्हणून काढलेली युक्ती, असं मी मोठेपणी वर्गात समजावूनही सांगितलं होतं.

मी चुलीकडे पाहिलं. तांदळाच्या नव्या गोणीचं तोंड उसवलेलं होतं आणि त्यातून पांढरा जाडसर दोरा लोंबत होता. पुस्तकाला मारलेली गाठ त्याच दोऱ्याची होती.

आता सगळं जुळलं. तानीचा भाऊ कुठेतरी वाटेवर असणार. या भागातली कितीतरी माणसं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, महिनोन्महिने परतत नाहीत. भाऊ समुद्रावर, आणि इथे हा शहाणा मास्तर भर दुपारी गोष्ट वाचतोय. मी सांगितलेली प्रत्येक ओळ तिच्या जिवाला लागत असणार. तिने आधी दुपारपुरतं पुस्तक लपवून पाहिलं, मग शितलला बोलणी बसली म्हणून ते सोडून दिलं, आणि शेवटी गोष्ट पुरीच होऊ नये म्हणून शेवट काढून घेतला. तिने मला सांगितलं का नाही, तेही कळलं. बायजीने सांगितलं होतं, तिचं मी काय केलं ते तानीने पाहिलं होतं.

मी खूश झालो, खोटं कशाला बोलू? खात्री करून घ्यावी म्हणून बायजीजवळ बसलो.

"बायजी, तानीचा भाऊ कुठल्या बोटीवर असतो?"

बायजीने फणी थांबवली. "तानीला भाऊ कवा होता? दोगी बहिणीच त्या. भाऊच नाय तिला."

माझा इमला धाडकन खाली आला. भाऊच नाही, तर वाट चुकणार होता तो मामा कोण?

६. खुर्ची

मी सरळ चुलीपाशी गेलो. तानीने माझ्याकडे पाहिलं, गोणीच्या दोऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिने हात पुसले. पिठाच्या डब्याखालून स्वच्छ फडक्यात बांधलेली घडी काढून माझ्यापुढे धरली.

"शितलला काय बोलू नका," ती म्हणाली. "तिचा काय नाय त्यात."

"तिची माफी मी मागणार आहे. मला फक्त एवढंच सांग. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, म्हणून तू हे केलंस ना?"

तिने मान हलवली.

"पण तुला भाऊ नाही. तुझ्या पोरांना मामाच नाही. मग कुणासाठी?"

तानी गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी अगदीच खुळ्यासारखं विचारलं असावं, तशी.

"तुमी नाय का चुकलाव?" ती म्हणाली. "दुपारचा वाचलाव नि थेट उधव्याकडे गेलाव. गुडघा फोडून आलाव. आखी हयात त्या रस्त्यानी गेली नि तवाच कशे चुकलाव?"

"मी?"

"मंग कोन? भाग्याचा जावळ कोनाच्या मांडीवर काढला?"

मी तिथल्या लाकडावरच बसलो.

जानेवारीत तिच्या धाकट्याचं, भाग्याचं, जावळ काढलं होतं. मी हातात पुस्तक घेऊन ताडपत्रीखाली बसलो होतो. तानीच्या नवऱ्याने पोर आणून माझ्या मांडीवर ठेवलं. सगळ्या पटांगणात खुर्ची एकच, ती माझ्याखाली, म्हणून माझ्या मांडीवर, असं मी धरून चाललो. पोर वस्तऱ्याखाली किंचाळत होतं. त्याचे सगळे केस माझ्या विजारीवर पडले, आणि वर त्याने मला ओलंही केलं. मग तानीच्या नवऱ्याने एक नवाकोरा टॉवेल आणि टोपी माझ्या हातात दिली. विजार पुसायला दिला असेल म्हणून मी त्या टॉवेलने तिथल्या तिथे विजार पुसली! टोपी कशाला दिली, हा विचारही मला शिवला नाही.

जावळ मामाच्या मांडीवर काढतात हे मराठी मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण ते दुसऱ्यांबद्दल. आपल्याला कुणी असं मनात धरेल, ही शक्यता मी आयुष्यात कधी धरलीच नव्हती. आणि हाच माणूस कादंबरीतल्या भालदाराकडे बोट दाखवून सांगत होता, की ज्याला कुणी हिशेबात धरत नाही, तो खुनी.

"मला सांगायचं होतंस, तानी."

"तुमी हसलं असता," ती साधेपणाने म्हणाली.

खरं होतं. मी हसलो असतो, आणि पुन्हा दुपारी वाचून स्कूटरला किक मारली असती. आता मला हसू येत नव्हतं. डोळ्यांना पाणी आलं ते चुलीच्या धुरामुळे असं मी म्हणालो, आणि तिने ते मान्य केलं.

त्याच दुपारी मी शितलच्या ताडपत्रीपाशी गेलो आणि तिची माफी मागितली. तिने आधी मला थोडं उभं ठेवलं, मग म्हणाली, "चोर कोण?"

"चोर नव्हताच," मी म्हणालो. "राखणदार होता." बाकीचं मी तिला तानीच्या परवानगीने सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. जतीनला फोन करून म्हणाली, "संध्याकाळी ये. आणि माझ्यावर आळ घेतलास त्याबद्दल येताना पेटीभर चिकू आण."

दिवस मावळला. तानीने चूल विझवली आणि कंदील आणून माझ्या खुर्चीशेजारी टांगला. बायजी अजून जराशी रागात होती, पण पुढे येऊन बसली. मी तिला म्हणालो, "बायजी, तुमचं बरोबर होतं."

"काय बरोबर होता?"

"दुपारची गोष्ट नको."

"मंग? मी काय सांगत होती?" ती म्हणाली आणि भाग्याला माझ्या मांडीवर आणून ठेवलं. त्याच्या डोक्यावर नवे केस यायला लागले होते, हाताला खरखरीत लागत होते. मी शेवटची घडी पुस्तकात सारली आणि वाचायला लागलो. मधे एकदा जमीन हलली. कंदील झुलला, लोकांनी एकमेकांना हाका मारल्या. "गुरुजी!" तानी चुलीकडून ओरडली. "आहे!" मी म्हणालो आणि पुढची ओळ वाचली.

जतीन पैज हरला, आणि मीही हरलो. माझा तर्क चुकला एवढं सांगायला हरकत नाही. भालदाराची मी मनातल्या मनात माफी मागितली.

त्या रात्री मी मसोलीला गेलो नाही. मानाचा तो टॉवेल मी धुऊन, घडी घालून स्कूटरच्या डिकीत ठेवला होता, तो उशाला घेतला.

खुनी कोण निघाला ते मात्र मी इथे लिहीत नाही. तुम्ही हे दुपारी वाचत असाल, आणि कुणाचा तरी मामा वाटेवर असेल. संध्याकाळी या, सांगेन.